पोच असलेली माणसे

मराठी माणसाने दिलेला आणि सर्वांत जास्त वेळा मोडलेला शब्द कोणता, असे मला कोणी विचारले तर मी सांगेन, ‘कळवतो’. मुलगी पाहून, पोहे खाऊन, चपला पायांत सरकवता सरकवता मुलाकडचे म्हणतात, "कळवतो हं." मुलाखत संपली की टेबलापलीकडचे साहेब फाइल मिटत म्हणतात, "कळवू तुम्हाला." रंगारी भिंतीवरून हात फिरवतो, मान हलवतो आणि म्हणतो, "हिशेब करून संध्याकाळी कळवतो, काका." ती संध्याकाळ सहसा होत नाही. मुलीच्या घरी मात्र पुढचे पंधरा दिवस फोन वाजला की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. स्पष्ट नकार आला असता तर दोन दिवस वाईट वाटले असते आणि घर पुन्हा आपल्या मार्गाला लागले असते. पण नकारही येत नाही. माणसे नुसती ताटकळत राहतात.

मी पुण्यात चाळीस वर्षे छापखाना चालवला. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, संस्थांचे वार्षिक अहवाल, शाळांच्या स्मरणिका, अधूनमधून एखादे पुस्तक, असे आमचे काम. या चाळीस वर्षांत धंद्याबद्दल जे जे शिकलो त्यातले बरेचसे आता निरुपयोगी झाले आहे. खिळे गेले, ट्रेडल गेले, एका नजरेत ओळ वाचणारे जुळारीही गेले. एकच धडा असा आहे, की जो माझ्या वडिलांच्या काळी खरा होता आणि आज माझ्या सुनेच्या काळीही तितकाच खरा आहे. गिऱ्हाईक उशीर सोसते, चूक सोसते, पुष्कळदा चढा भावही सोसते. ते मौन सोसत नाही.

अण्णा, म्हणजे माझे वडील, फारसे शिकलेले नव्हते. पण त्यांची एक शिस्त होती. दुकानाची फळी लावण्याआधी त्या दिवशी आलेल्या प्रत्येक पत्राला उत्तर गेलेच पाहिजे. टेबलाच्या डाव्या खणात कोऱ्या कार्डांचा गठ्ठा असे. आलेल्या पत्राच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीने ते दोन तारखा लिहीत. ‘आले’ आणि ‘उत्तर दिले’. या दोन तारखांमध्ये अंतर पडले, की त्यांना जेवण गोड लागत नसे. कधी टपालपेटीतली पत्रे निघून गेलेली असली तर मला सायकलवरून स्टेशनावर पिटाळत. तिथे रेल्वे टपाल सेवेकडे जादा आकार भरून उशिराचे पत्रही देता येई. रात्रीच्या गाडीच्या टपालडब्यात धावत्या गाडीतच पत्रांची वर्गवारी होई आणि सकाळी ते पुढच्या गावी पोचे. त्या काळच्या व्यापारी पत्रांत ‘उलट टपाली कळवावे’ असे एक ठरलेले वाक्य असे. अण्णांनी ते वाक्य शब्दशः घेतले होते, एवढेच.

लहानपणी मला याचा कंटाळा येई. मी एकदा विचारले, "अण्णा, या माणसाला द्यायला आपल्याकडे उत्तरच नाही. कागद कधी येणार हे आपल्यालाच ठाऊक नाही. मग लिहायचं काय?"

अण्णा म्हणाले, "तेच लिहायचं. पत्र पोचलं, कागद अजून आलेला नाही, शुक्रवारी पुन्हा लिहितो. उत्तर नसलं तरी पोच द्यावी रे."

पोच हा आपल्या भाषेतला मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. आलेली वस्तू किंवा पत्र मिळाल्याची कबुली, ती पोच. आणि ‘त्याला काही पोच नाही’ असे आपण ज्याच्याविषयी म्हणतो, त्याला समज नाही, दुसऱ्याच्या अडचणीची जाण नाही, असे आपल्याला म्हणायचे असते. या दोन अर्थांचे नाते भाषापंडितांनी सांगावे. मला आपले वाटते, की ज्याला पहिली पोच देता येत नाही त्याच्याकडे दुसरी पोचही थोडी कमीच असते.

अण्णांच्या या सवयीची खरी परीक्षा १२ जुलै १९६१ रोजी झाली. त्या दिवशी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही फुटले आणि मुठेचे पाणी पुण्याच्या पेठांत शिरले. आमचा छापखाना नारायण पेठेत होता. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. पाणी ओसरल्यावर अण्णांबरोबर गेलो तेव्हा खिळ्यांच्या केसेस चिखलाने भरलेल्या होत्या, कागदाच्या रिमांचा लगदा झाला होता आणि ट्रेडलच्या चाकात कोणाच्या तरी घरातली सतरंजी अडकली होती. अण्णा बराच वेळ उंबऱ्यात उभे राहिले. मग त्यांनी सर्वांत आधी काय केले असेल, तर वरच्या फडताळातली ऑर्डरची वही काढली आणि उंचावरच्या पेठेत राहणाऱ्या मामांच्या घरी बसून चाळीसएक कार्डे लिहिली. पत्ते मी लिहिले.

मजकूर साधारण असा होता: छापखान्यात पाणी शिरून खिळे व कागद यांची नासाडी झाली आहे. आपले हस्तलिखित फडताळात होते, ते सुखरूप आहे. काम पुन्हा सुरू होण्यास निदान दीड महिना लागेल. आपणास घाई असल्यास हस्तलिखित घेऊन जावे, आगाऊ दिलेली रक्कम परत करू. ज्यांची हस्तलिखिते भिजली होती त्यांना तेही सरळ लिहिले होते. मामा म्हणाले, "अहो, गिऱ्हाइकांना आपणहून ‘जा’ म्हणून कशाला सांगताय?" अण्णा म्हणाले, "त्यांना ठरवू द्या ना. आपण गप्प बसलो तर ते आपल्या भरवशावर बसून राहतील."

पाच-सहा जणांनी कामे परत नेली. बाकीचे थांबले. एका मास्तरांनी तर पुढच्या कामाची रक्कम आधीच मनीऑर्डरने पाठवली. ज्यांनी कामे नेली होती त्यांतलेही दोघे-तिघे पुढच्या वर्षी परत आले. छापखाना पुन्हा उभा राहिला तो कर्जावर आणि त्या कार्डांवर. अण्णांच्या त्या एका वाक्यात सगळे तत्त्वज्ञान आले होते, पण हे समजायला मला सत्तावीस वर्षे आणि एक मोठी चूक लागली.

ती चूक सांगतो. १९८८ सालची गोष्ट. सातारा जिल्ह्यातल्या एका गावच्या शाळेचा सुवर्णमहोत्सव होता. तिथले मुख्याध्यापक आमचे जुने गिऱ्हाईक. स्मरणिकेच्या तीनशे प्रती रविवारच्या समारंभाला हव्या होत्या. समारंभाच्या आठ दिवस आधी आमचे यंत्र बिघडले. सुटा भाग मुंबईहून यायचा होता. स्मरणिका वेळेवर होणार नाही हे मला त्याच दिवशी दिसत होते, पण मी स्वतःशीही ते कबूल केले नाही. भाग उद्या येईल, रात्रपाळी करू, बांधणीवाल्याच्या हातापाया पडू, असे मनात मांडे खात राहिलो. मुख्याध्यापकांचा पहिला फोन आला तेव्हा म्हणालो, "होतंय, काळजी करू नका." दुसरा आला तेव्हा पोऱ्याला खूण केली, "बाहेर गेलेत म्हणून सांग." तिसऱ्या वेळी फोन वाजत राहिला आणि मी त्याच्याकडे पाहत बसलो. ते बिचारे दर वेळी तालुक्याच्या गावी येऊन, पोस्टात ताटकळून फोन लावत होते, हे मला ठाऊक होते.

प्रती एस.टी.च्या पार्सलने मंगळवारी पोचल्या.

पंधरा दिवसांनी मुख्याध्यापक स्वतः छापखान्यात आले. मी मनातल्या मनात बिलात किती सूट द्यायची ते ठरवत होतो. त्यांनी पूर्ण रक्कम मोजून टेबलावर ठेवली, पावती मागितली आणि शांतपणे म्हणाले, "दोन दिवस उशीर झाला, त्याचं काही नाही. यंत्र आहे, बिघडायचंच. पण आठ दिवस आधी एक कार्ड टाकलं असतंत, तर आम्ही समारंभ पुढे ढकलला असता. निदान मुखपृष्ठ तरी साताऱ्यात छापून घेतलं असतं. तुम्ही आम्हाला काहीच करू दिलं नाहीत. शेवटी भूगोलाचं पुस्तक रंगीत कागदात गुंडाळून प्रकाशन केलं आणि कागद सोडू नका म्हणून पाहुण्यांच्या कानात सांगावं लागलं. ज्यांचा पहिला लेख होता ते आमचे जुने हेडमास्तर समोरच बसले होते. समारंभ संपल्यावर त्यांनी पुस्तक मागितलं."

ते निघून गेले. अण्णा तेव्हा थकले होते, पण रोज येऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसत. त्यांनी सगळे ऐकले होते. मला रागावले नाहीत. डावा खण उघडून एक कार्ड माझ्यापुढे सरकवले आणि म्हणाले, "आता तरी लिही." मी क्षमा मागितली. चौथ्या दिवशी त्यांचे कार्ड आले. ‘आपले पत्र पोचले. आभारी आहे.’ खाली सही. ते कार्ड मी अजून जपून ठेवले आहे. ज्याला मी पोच दिली नव्हती त्याने मला उलट टपाली पोच दिली होती. त्या शाळेचे काम मात्र पुन्हा कधी आले नाही, आणि त्यांच्या शब्दावर आमच्याकडे येणाऱ्या आसपासच्या तीन शाळांचेही बंद झाले.

‘तुम्ही आम्हाला काहीच करू दिलं नाहीत.’ वेळेवर कळवण्याचे सारे महत्त्व या वाक्यात आहे. आपण आठ दिवस आधी वाईट बातमी सांगतो तेव्हा समोरच्याला वाईट वाटते खरे, पण त्याच्या हातात चार वाटा शिल्लक असतात. दोन दिवस आधी सांगितले तर एखादीच उरते. आयत्या वेळी कळले तर भूगोलाच्या पुस्तकाला रंगीत कागद गुंडाळणे एवढेच हाती राहते. बातमी तीच, पण उशीर होईल तशी तिची किंमत समोरच्याच्या खिशातून जात राहते. म्हणून चांगली बातमी एक वेळ उशिरा सांगितली तरी चालते. वाईट बातमीने मात्र आधी घराबाहेर पडावे. आपण नेमके उलट करतो. कामे झाली की दहा फोन करतो आणि अडली की दडी मारतो.

धंद्यात कोणाचेही काम एकट्याचे नसते. प्रूफ लेखकाकडे अडले, की जुळारी थांबतो, यंत्र रिकामे राहते, बांधणीवाल्याच्या बायका काम नाही म्हणून परत जातात. एकाच्या ‘बघू उद्या’पायी दहा माणसांचा दिवस वाया जातो आणि त्या एकाला त्याचा पत्ताही नसतो. शिवाय आपण गप्प बसलो, की समोरचा माणूस गप्प बसत नाही. त्याचे मन बोलू लागते. आपण कागदाच्या गाडीची वाट पाहत असतो आणि त्याला वाटते, पैसे बुडाले.

आपल्या महाराष्ट्रात हे फार आधी ओळखणारे उद्योजक होऊन गेले. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागली. शंकरराव किर्लोस्कर तिचे संपादक. आपल्या कारखान्यात काय चालले आहे ते गिऱ्हाइकांना आणि हितचिंतकांना कळावे, हा तिचा सुरुवातीचा हेतू. नांगर विकत घेणारा शेतकरी आणि नांगर घडवणारा कारखाना यांच्यात काही बोलणे चालू राहिले पाहिजे, ही त्यामागची जाण होती. पुढे त्याच ‘खबरी’चे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले आणि मराठी घरांत पोचले. मालाइतकीच खबरही वेळेवर पोचली पाहिजे, हे त्यांना शंभर वर्षांपूर्वी उमगले होते.

आता साधनांची काय उणीव आहे? तार २०१३ च्या जुलैत बंद झाली. रजिस्टर पोस्ट २०२५ साली स्पीड पोस्टात विलीन झाले. कार्डाला लागणारे दोन-तीन दिवस आता दोन सेकंदांवर आले. नोव्हेंबर २०१४ मध्ये व्हॉट्सअॅपने निरोप वाचल्याच्या निळ्या खुणा दाखवायला सुरुवात केली, तेव्हा मला वाटले, चला, आता पोच आपोआप मिळणार. झाले भलतेच. पूर्वी उत्तर आले नाही तर ‘पत्र गहाळ झाले असेल’ असे म्हणून माणूस मनाची समजूत घालू शकत असे. निळ्या खुणांनी तेवढाही आडोसा ठेवला नाही. आता माणसाला नक्की कळते, की आपला निरोप वाचला गेला आहे आणि आपल्याला उत्तर देण्याजोगे समजले गेलेले नाही. यंत्राने दिलेली पोच ही पोच नव्हे. तिच्यामागे माणूस असावा लागतो.

आणि हा माणूस कोणाला लगेच उत्तर देतो, हेही पाहण्यासारखे आहे. साहेबांचा निरोप आला तर आपण जेवणाच्या ताटावरूनही उत्तर देतो. मोठ्या गिऱ्हाइकाचा फोन दुसऱ्या घंटेला उचलतो. मात्र बिलासाठी चौथ्यांदा फोन करणारा सुतार, अर्ज करून महिनाभर वाट पाहणारी मुलगी, घरकामाच्या पगारात वाढ मागून ‘बघू’ ऐकलेल्या मावशी, यांच्या बाबतीत आपल्याला वेळ नसतो. म्हणजे प्रश्न वेळेचा नाहीच. ज्याला थांबवून ठेवले तरी आपले काही बिघडत नाही, त्यालाच आपण थांबवतो. इथे कायद्याला मध्ये पडावे लागते. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने सरकारी कार्यालयाला अर्जाचे उत्तर सर्वसाधारणपणे ३० दिवसांत देणे बंधनकारक केले. लहान उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि लेखी करार नसेल तर १५ दिवसांत चुकते करावेत, असे २००६ च्या कायद्याने ठरवले. त्यानेही भागले नाही म्हणून २०२३ च्या अर्थसंकल्पाने आयकरात तरतूद आणली, की हे पैसे मुदतीत दिले नाहीत तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून वजा मिळणार नाहीत. अशा तरतुदी कराव्या लागतात यावरूनच, दुसऱ्याला ताटकळत ठेवण्याची सवय आपल्यात किती मुरली आहे ते कळते.

याचा अर्थ माणसाने चोवीस तास फोनला बांधून घ्यावे असा कोणी घेऊ नये. तत्परता वेगळी आणि उतावीळपणा वेगळा. प्रश्न पुरता न वाचता ‘हो हो, होऊन जाईल’ म्हणणारा माणूस उत्तर न देणाऱ्याइतकाच घातक. त्याच्या तोंडून होकार लवकर येतो आणि काम कधीच येत नाही. माझी सून आता छापखाना बघते. खिळ्यांच्या जागी संगणक आहेत, पण तिची रीत पाहिली की मला अण्णांची लाल पेन्सिल आठवते. आलेल्या प्रत्येक चौकशीला त्याच दिवशी दोन ओळी जातात. जमणार असेल तर कधीपर्यंत, जमणार नसेल तर नाही, आणि ठाऊक नसेल तर कधी कळवू तो वार. रात्री आठनंतर मात्र ती कामाचा फोन घेत नाही आणि रविवारी तो कपाटात ठेवते. मी एकदा म्हणालो, "अगं, गिऱ्हाईक जाईल एखादं." ती म्हणाली, "नाही जात, बाबा. सोमवारी दहाला उत्तर येणार हे त्यांना माहीत आहे. माहीत असलं की माणसं थांबतात."

मागच्या दिवाळीआधी एक गृहस्थ मुलीच्या लग्नाच्या पत्रिका छापायला आले. त्यांना आमचा भाव इतरांपेक्षा थोडा जास्त वाटत होता. तरी काम आमच्याकडेच दिले. जाताना म्हणाले, "चार ठिकाणी विचारलं होतं. ‘पेपर नाही, बुधवारी सांगते’ असं फक्त तुमच्याकडून आलं. आणि बुधवारी खरंच सांगितलंत." सून हसली. अण्णांचा फोटो तिच्या डोक्यावरच्या भिंतीवर आहे. तिने त्यांना पाहिलेलेही नाही.

आज रविवार आहे. सुटीच्या दिवशी कोणी कामाचे बोलू नये, हे मलाही पटते. पण उद्या सकाळी चहा झाला, की आपल्या फोनवरून किंवा टेबलावरून एकदा नजर फिरवावी. आपण ‘कळवतो’ म्हणून गेलो आणि अजून कळवले नाही, असे एखादे नाव तिथे सापडेल. त्याला द्यायला उत्तर नसेल, किंवा असेल ते नकोसे असेल. हरकत नाही. दोन ओळी लिहाव्यात. तो माणूस केव्हाचा थांबला आहे.